कर्नाळ्याचा सुळका आणि मुलांचा नकाशा : परिसर-नकाशाच्या अध्यापनाची ऐतिहासिक बाजू

प्रास्ताविक

प्राथमिक शाळेतील भूगोलाचा आरंभ वर्गाच्या आराखड्यापासून होतो. वर्ग, शाळा, गाव, तालुका, जिल्हा, राज्य हा क्रम महाराष्ट्रातील शिक्षकांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यालाही एक इतिहास आहे याचे भान सहसा राहत नाही. नकाशा ही गोष्ट मुलांपुढे येते तीच मुळी तयार स्वरूपात. उत्तर दिशा वर, खाली प्रमाण, कोपऱ्यात सूची, आणि सारा प्रदेश आकाशातून पाहिल्यासारखा. मुलाने स्वतःच्या हाताने काढलेला परिसर-नकाशा या नमुन्याशी ताडून पाहिला जातो आणि बहुधा चुकीचा ठरतो. डोंगर समोरून पाहिल्यासारखा काढला, देऊळ घरांच्या चौपट मोठे काढले, ओढ्याकाठची झाडे आडवी पडलेली दाखवली, अशा या चुका असतात.

मुलाच्या नकाशातील या तथाकथित चुका म्हणजे नकाशा काढण्याच्या एका जुन्या आणि सुसंगत रीतीची लक्षणे आहेत. ती रीत बाजूला पडून मोजणीचा नकाशा कसा रूढ झाला, हे ठाऊक असलेला शिक्षक परिसर-नकाशा अधिक चांगला शिकवू शकेल, असा प्रस्तुत निबंधाचा प्रतिपाद्य विषय आहे. विवेचनासाठी पनवेल तालुक्यातील कर्नाळा हा परिसर घेतला आहे. किल्ला, पक्षी अभयारण्य, महामार्ग, आदिवासी वाड्या आणि जवळच वाढणारे महानगर हे सारे येथे थोड्या अंतरात एकत्र आले आहे. शिवाय येथे एक असा सुळका आहे की, तो मुलाच्या चित्रातून सुटणे कठीण आणि मोजणीच्या नकाशात सापडणे कठीण.

खूण म्हणून कर्नाळा

पनवेलच्या दक्षिणेस मुंबई-गोवा महामार्गालगत उभा असलेला कर्नाळा हा माथ्यावरील बेसॉल्टच्या सुळक्यामुळे दुरूनही ओळखू येतो. शंभर ते दीडशे फूट उंचीचा हा सुळका आकाशाकडे उभ्या धरलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. त्याच्या पायथ्याशी पाण्याची टाकी कोरलेली आहेत. पनवेल हे खाडीवरचे बंदर आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेचे कोकणातील टोक. ही वाट आणि खाडी या दोहोंवर नजर ठेवता येत असल्यामुळेच या किल्ल्यासाठी इतक्या सत्ता झगडल्या. १५४० मध्ये निजामशाही आणि गुजरातची सल्तनत यांच्या ओढाताणीत वसईच्या पोर्तुगिजांनी तो घेतला आणि पुढे वार्षिक रकमेच्या मोबदल्यात निजामशहाला परत दिला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत त्याचा समावेश होता. १६७० मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो जिंकला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा येथील किल्लेदार होते आणि वासुदेव बळवंतांचा जन्म १८४५ मध्ये जवळच्याच शिरढोण येथे झाला, हे सर्वश्रुत आहे.

नकाशाच्या इतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट किल्ल्याच्या दुसऱ्या नावात आहे. इंग्रज या डोंगराला ‘फनेल हिल’ म्हणत, आणि १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही हे नाव नोंदलेले आहे. दर्यावर्दी माणसाला डोंगर हवा असतो तो समुद्रावरून दिसतो तसा, म्हणजे समोरून. म्हणून जुन्या सागरी मार्गदर्शिकांत किनाऱ्याची रेषा वरून पाहिल्यासारखी आणि तिच्यामागचे डोंगर समोरून पाहिल्यासारखे, अशी सरमिसळ असते. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो याने १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत केलेल्या प्रवासाच्या ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची जी चित्रे दिली, ती याच जातीची आहेत. त्याही पूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कल्याण आणि चौल या जवळपासच्या बंदरांची नावे क्रमाने येतात. तेथे चित्र नाही. कोणत्या बंदरानंतर कोणते बंदर लागते, हे सांगणारे केवळ कथन आहे. मुलाला ‘शाळेत कसा येतोस?’ असे विचारले तर तो जे सांगतो, त्याची जात हीच. प्रवासाचे कथन, खुणेचे चित्र आणि मोजलेला आराखडा या नकाशाच्या तीन वेगवेगळ्या मुळांपैकी पहिली दोन मुलाकडे शाळेत येण्यापूर्वीच असतात.

मोजणीपूर्व रीत

मराठेशाहीत नकाशे नव्हते, हा समज आता टिकणारा नाही. सुसान गोल यांचा भारतीय नकाशांवरील ग्रंथ १९८९ मध्ये आणि जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांचे दक्षिण आशियाई नकाशांवरील विस्तृत लेखन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतून अठराव्या शतकातील मराठी नकाशांचा परिचय अभ्यासकांना झाला. या नकाशांत नद्या वरून, डोंगर समोरून, किल्ले कधी तटबंदीच्या आराखड्याने तर कधी दर्शनी चित्राने दाखवलेले असतात. मोडी किंवा देवनागरीतील अक्षरे निरनिराळ्या दिशांनी लिहिलेली असतात. त्यामुळे नकाशा जमिनीवर पसरून त्याच्याभोवती फिरत वाचावा लागतो. प्रमाण सर्वत्र सारखे नसते. ज्या ठिकाणाविषयी नकाशा काढला, ते ठिकाण मोठे आणि इतर लहान. मुलाचे चौपट मोठे देऊळ आणि मराठी नकाशातील मोठा किल्ला यांच्यामागे एकच न्याय आहे. जागेचे महत्त्व आकाराने सांगायचे, हा तो न्याय.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलाची वाढ म्हणजे मानवजातीच्या इतिहासाची उजळणी, हे एकोणिसाव्या शतकातील मत आज कोणी स्वीकारत नाही. पेशवाईतील नकाशा काढणारा कारकून बालबुद्धीचा होता, असे सूचित करणे तर सर्वस्वी गैर. त्याला अंतर मोजता येत होते. त्याच्या कामाला सगळीकडे सारख्या प्रमाणाची गरज नव्हती, इतकेच. जमीन मोजायची वेळ आली की काठी, पांड आणि बिघा ही मापे होतीच. वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. शिवकाळात काठीची लांबी पाच हात पाच मुठी ठरवल्याचे उल्लेख आहेत. माप माणसाच्या शरीरावरून घेतलेले, पण राज्यभर एक ठरवलेले. वर्गातील मुलांनी आपापल्या पावलांनी पटांगण मोजले, प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, आणि मग ‘आता काय करायचे?’ असा प्रश्न उभा राहिला, तर मुले नेमक्या याच ऐतिहासिक अडचणीपाशी पोहोचलेली असतात. ठराविक लांबीची काठी तोडण्याचा उपाय त्यांनाच सुचू द्यावा. आधी पट्टी हातात देणे म्हणजे कोडे घालण्यापूर्वी उत्तर सांगणे होय.

गावाच्या हद्दीचा नकाशा तर बहुधा कागदावर नसेच. तो चतुःसीमेच्या शब्दांत आणि माणसांच्या स्मरणात असे. शिवेचा वाद उपस्थित झाला की गोत बसे, साक्षी होत, आणि प्रसंगी शीव चालून दाखवावी लागे. या कामी महार वतनदाराची साक्ष विशेष मोलाची मानली जाई, कारण गावाची शीव राखणे ही त्याची जबाबदारी होती. गावाच्या भूगोलाचे सर्वांत नेमके ज्ञान ज्याच्याकडे होते, त्यालाच गावकुसाबाहेर ठेवले होते. मौखिक नकाशाचे कौतुक करताना ही बाब विसरता येणार नाही. ती विद्या वेठीशी बांधलेली होती, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली ती योग्यच झाली.

दोन भाऊ : एक मोजणारा, एक शिकवणारा

१८१८ नंतर कोकण कंपनी सरकारकडे आले आणि मोजणीचे युग सुरू झाले. कोकणापुरते पाहता या परिवर्तनाच्या केंद्रस्थानी जर्व्हिस हे दोन भाऊ आहेत. त्यांतील थॉमस बेस्ट जर्व्हिस याने कोकणाचे सर्वेक्षण केले. त्याचा कोकणावरील भौगोलिक व सांख्यिकीय ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. एव्हरेस्टनंतर त्याला सर्व्हेयर जनरल नेमण्याचा विचार झाला होता, पण एव्हरेस्ट तेव्हा निवृत्त झाला नाही आणि ते पद जर्व्हिसला मिळाले नाही. दुसरा भाऊ जॉर्ज रिट्सो जर्व्हिस हा मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीचा चिटणीस होता. त्याने १८२३ मध्ये मुंबईत एतद्देशीय तरुणांना मोजणी व बांधकाम शिकवणारी संस्था चालवली आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. एक भाऊ प्रदेश कागदावर उतरवीत असताना दुसरा त्या कागदाची भाषा मराठी मुलांना शिकवीत होता. मोजणी आणि शालेय शिक्षण यांचा संबंध महाराष्ट्रात इतका जुना व इतका जवळचा आहे.

त्यानंतर मराठी शाळेत भूगोल हा विषय आला. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘भूगोलविद्या’ हे पुस्तक १८३६ चे. त्याच्या नावातच ‘गणितभाग’ हा शब्द आहे. या काळातील भूगोल पृथ्वीच्या गोलापासून सुरू होई. मुलाच्या अंगणाला त्यात स्थान नव्हते. पंतोजीच्या धूळपाटीवर अक्षरे आणि अंक गिरवलेले मूल एकदम अक्षांश-रेखांशांपाशी येऊन पोहोचले. पौराणिक सप्तद्वीपांच्या कल्पनेला उत्तर द्यायचे, हा त्या पिढीचा हेतू लक्षात घेता ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे नकाशा ही पुस्तकातील वस्तू ठरली.

जवळून दूर जाण्याचा क्रम आला तो वेगळ्या परंपरेतून. स्वित्झर्लंडमधील इव्हर्दाँ येथे पेस्तालोझीचे विद्यार्थी जवळच्या खोऱ्यात जात, तेथील चिकणमाती आणत आणि पाहिलेले खोरे मेजावर मातीत उभे करीत. ते पूर्ण झाल्यावरच त्यांना नकाशा दाखवला जाई. पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. परिसराची पाहणी हाच शिक्षणाचा पाया, हा त्यांचा आग्रह होता. आज तिसरीच्या ‘परिसर अभ्यास’ या पाठ्यपुस्तकाच्या जिल्हानिहाय आवृत्त्या निघतात, हा या विचाराचाच दूरचा वारसा होय.

इकडे गावोगाव महसुली मोजणी होत होती. मुंबई इलाख्यातील मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे केलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. पनवेल परिसरातील प्रत्येक घरात गुंठ्याचा भाव तोंडपाठ असतो. मात्र गुंठा हे एका लोखंडी साखळीचे स्मारक आहे, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. ३३ फुटांची दोरी घेऊन शाळेच्या पटांगणावर एक गुंठा आखणे हा इतिहासाचा, गणिताचा आणि भूगोलाचा एकत्रित पाठ आहे. टिपण, फाळणी आणि गावनकाशा ही कागदपत्रे मुलांना कशी दिसतात, हेही त्याच वेळी दाखवता येते.

सुळक्याचे लुप्त होणे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ एफ/१ या स्थलनिर्देशक नकाशात कर्नाळ्याचा परिसर येतो. १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशात समोच्चरेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर असते. सुळका उभा, त्याची उंची तीस-पंचेचाळीस मीटर. म्हणजे त्याच्या वाट्याला एकमेकींना चिकटलेल्या दोन-तीन रेषा येणार. साऱ्या पंचक्रोशीत ज्या खुणेवरून माणसे दिशा ओळखतात, ती खूण मोजणीच्या नकाशात एका गाठीएवढी उरते. मोजणीच्या पद्धतीचा हा दोष म्हणता येणार नाही, कारण उंची आणि उतार सर्वत्र एकाच नियमाने दाखवायचा तर हे होणारच. परंतु मुलाने काढलेला अंगठा खोडून तेथे समोच्चरेषा काढायला लावणाऱ्या शिक्षकाने आपण काय मिळवीत आहोत आणि काय गमावीत आहोत, हे जाणून असावे. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. मातीचा कर्नाळा परातीत उभा करून थोडे थोडे पाणी ओतावे आणि प्रत्येक पातळीवर सुईने रेघ ओढावी. सुळक्याजवळ रेघा एकत्र येतात, हे मुलांच्या डोळ्यांना दिसते आणि समोच्चरेषा पाठ करावी लागत नाही.

जाँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील तीन डोंगरांचा प्रयोग शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. समोरच्या बाजूने बसलेल्या बाहुलीला डोंगर कसे दिसतील, हे लहान मुलांना सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, प्रसंग मुलाला अर्थपूर्ण वाटला तर तेच मूल दुसऱ्याच्या जागेवरून पाहू शकते. जेम्स ब्लॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये, औपचारिक शिक्षणापूर्वीही लहान मुले हवाई छायाचित्रांतून घरे व रस्ते ओळखतात, असे नोंदवले. पनवेलकडच्या मुलाने काढलेला सुळका आणि पेणकडच्या मुलाने काढलेला सुळका सारखे असणार नाहीत. दोन शाळांनी आपापली चित्रे एकमेकींना पाठवली, तर पियाजेची बाहुली खरी होते. पलीकडे खरोखरच कोणी तरी उभे असते.

मोजणीच्या नकाशाचे सामर्थ्यही मुलांनी अनुभवायला हवे. अन्यथा जुन्या रीतीचे कौतुक भाबडे ठरते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे तत्त्व सोपे आहे. एक आधाररेषा मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यायचे आणि अंतर काढायचे. समजा, सुळका तीन किलोमीटरवर आहे आणि मुलांनी शंभर मीटरची आधाररेषा घेतली. दोन टोकांवरच्या दिशांत पडणारा फरक जेमतेम दोन अंशांचा असेल. कंपासपेटीतील कोनमापकाने एका अंशाची चूक झाली, तर उत्तर दोन किलोमीटर येईल किंवा सहा किलोमीटरांहून अधिक येईल. हा प्रयोग फसतो, आणि फसण्यातच त्याचे मोल आहे. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रास येथे सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा का मोजली, आणि अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र डोंगरमाथ्यांवर चढवण्याचा खटाटोप का केला, हे त्या फसलेल्या उत्तरावरून मुलांना जितके कळते तितके दहा पानांच्या वर्णनाने कळणार नाही.

नकाशात कोण आहे

येथपर्यंतचे विवेचन पद्धतीचे झाले. प्रश्न त्याहून गंभीर आहे. नकाशात असणे आणि नसणे यावर माणसांचे हक्क अवलंबून असतात. कर्नाळ्याच्या आसपास ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवर असून त्यांना गावठाणाचा दर्जा नाही, हे डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांच्या २०१३ च्या ग्रंथात सविस्तर मांडलेले आहे. गावनकाशात गट असतो, त्याचा क्रमांक असतो, मालकाचे नाव सातबाऱ्यावर असते. पण तेथे पिढ्यान्‌पिढ्या असलेली वाडी असतेच असे नाही. त्या वाडीतील मूल मात्र आपल्या परिसराचा नकाशा काढताना तिलाच मध्यभागी ठेवील. ‘प्रमाण चुकले’ असा शेरा अशा कागदावर मारण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबलेले बरे.

कायद्यानेही अशा नकाशातील वस्तूंना मोल दिले आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून घरे व झोपड्या, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आणि वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन ग्राह्य धरले आहे. मुलांच्या नकाशात ज्या गोष्टी हटकून मोठ्या निघतात, त्यांच्याशी ही यादी कितीतरी जुळते. अभयारण्याची गोष्टही याच अनुषंगाने शिकवण्यासारखी आहे. १९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य स्थापन झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ४.४८ चौरस किलोमीटर होते, २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटर झाले. डोंगर जागेवरच राहिला आणि नकाशावरची रेषा सरकली.

अशा सरकलेल्या रेषा पनवेलच्या मुलांना आजी-आजोबांकडून गोळा करता येतील. १८८३ पर्यंत पनवेल ठाणे जिल्ह्यात होते, नंतर ते कुलाबा जिल्ह्यात आले. कुलाब्याचा १९८१ मध्ये रायगड झाला. महामार्गाचा क्रमांक १७ होता, तो ६६ झाला. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर यांसह दहा गावठाणे उठवण्यात आली. २०२५ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्या गावांच्या शाळांत पूर्वी मुलांनी काढलेले परिसर-नकाशे कोणी जपून ठेवले असतील, तर ते आज ऐतिहासिक साधन आहे. ते बहुधा वर्षअखेरीस रद्दीत गेले असावेत. शाळेत मुलांचे कागद जपण्याची आपल्याकडे रीत नाही.

शिक्षकाच्या बाजूने एक अडचण होती, ती मात्र आता उरलेली नाही. किनारपट्टीचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. समुद्रापासून इतक्या जवळ असलेल्या पनवेलच्या शिक्षकाला स्वतःच्या गावाचा स्थलनिर्देशक नकाशा मिळवणे दुरापास्त असे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या मालिकेतील नकाशांची सोय केली, २०१७ पासून ते संगणकावर उतरवून घेता येऊ लागले, आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना स्वतः नकाशे तयार करण्यावरील बहुतेक बंधने दूर केली. अधिकृत नकाशा आणि मुलाचा नकाशा एकाच भिंतीवर लावायला आता कोणाच्या परवानगीची गरज नाही. मुलाच्या नकाशामागे मात्र चार गोष्टी लिहून घ्याव्यात. तो काढल्याची तारीख, काढणाऱ्याचे नाव, तो कोठे उभा राहून पाहत होता ती जागा, आणि ओढ्या-टेकड्यांची नावे त्याला कोणी सांगितली ते. या नोंदींसह तो शाळेच्या दप्तरात, हजेरीपटाशेजारी ठेवावा.